सुखदेवभाऊ आणि बिनब्रेकची गाडी

आमच्या शेजारचे सुखदेवभाऊ कुठल्याही वाहनाजवळ गेले की आधी त्याच्या चाकाला लाथ मारतात. हवा तपासायची ही त्यांची पद्धत. नोकरी एसटी बसच्या ड्रायव्हरची, त्यामुळे मोटारसायकल असो, भाजीवाल्याचा हातगाडा असो की कुणाच्या नातवाची बाबागाडी, लाथ ठरलेली. बाबागाडीत त्या वेळी बाळ झोपलेलं होतं. त्या घराशी त्यांची अजून बोलचाल नाही.

माझ्या भावाने पुण्याहून तन्वीसाठी, म्हणजे माझ्या आठवीतल्या मुलीसाठी स्केटबोर्ड आणला, तेव्हा सुखदेवभाऊंनी त्या बोर्डालाही लाथ मारली. बोर्ड सुर्रकन गल्लीच्या उतारावरून निघाला तो थेट गटारात. आमचं मेहकर काही सपाट नाही. भाऊ पांढरे पडले.

"वहिनी, ह्याले ब्रेक कुठं हाय?"

"नसतो भाऊ. पायाने थांबवायचं."

"हॉर्न?"

"तोही नाही."

"अन् तुमी ह्याच्यावर पोरीले बसवता?"

"बसायचं नसतं भाऊ, उभं राहायचं असतं."

हे ऐकल्यावर ते आमच्या ओट्यावर मटकन बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

खरं सांगते, मला बरं वाटलं. तन्वीचे बाबा 'काही होत नाही' एवढं म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालणारे. काळजीत मला कुणीतरी जोडीदार मिळाला. बायको गेल्यापासून भाऊ एकटेच राहतात, वेळच वेळ. रोज संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहू लागले. मोटारसायकल दिसली की शिट्टी, कुत्रं दिसलं की शिट्टी, काहीच दिसलं नाही तरी सवय राहावी म्हणून एक शिट्टी. वर पालुपद, "कंट्रोलमधी घे वं माय, कंट्रोलमधी!"

आधी तन्वीचे तळहात सोलले, मग गुडघे. जखमेतली बारीक खडी मी काढायची तेव्हा तन्वी 'आई गं' म्हणायची आणि ओट्यावरून भाऊ तिच्याहून मोठ्याने. मग घोटा मुरगळला. मी ऑफिसात होते. भाऊंनी तिळाचं तेल कढत केलं आणि पाय असा काही चोळला, की मी येईपर्यंत त्याचा भोपळा झाला होता. डॉक्टर चिडले. ताज्या मुरगळीला शेक नाही, चोळणं तर मुळीच नाही. बर्फ लावा, पाय उशीवर उंच ठेवा, आराम द्या. भाऊ शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते. त्यानंतर त्यांच्या फ्रीजमध्ये बर्फाशिवाय काही सापडेना. माझं डोकं दुखतंय म्हटलं तरी वाटीभर बर्फ घेऊन हजर.

दिवाळीनंतर मात्र ज्याची मला रोज धास्ती वाटायची, ते झालं. उतारावर चाकाखाली खडा आला, बोर्ड जागीच अडला आणि तन्वी पुढे फेकली गेली. पडताना माणूस हात टेकतोच, तिनेही उजवा टेकला. मी धावत पोचले तर मनगट दबलेल्या चमच्यासारखं वाकडं. भाऊंनी कुठून तरी पुठ्ठा आणला, हाताखाली धरला, ओढणीने हात तिच्या गळ्यात बांधला. ऑटोत ते ड्रायव्हरशेजारी बसले. "खड्डा हाय, हळू. हळू म्हनतो ना बे!" शेवटी ऑटोवाला वैतागला. "काका, मंग तुमीच चालवा ना."

भाऊ एकदम गप्प झाले. दवाखाना येईपर्यंत बोलले नाहीत.

हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, बोटं हलवत राहा, पण मनगट जराही हलता कामा नये. मला तेव्हापासून दुसरं काही सुचेना. हाड वाकडं जुळलं तर? उजवा हात, पोरगी लिहिणार कशाने? ती कुशीवर वळली तरी माझा जीव वर यायचा.

त्यात भेटायला येणारी माणसं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे बिस्किटचा पुडा न्यायचा आणि दुखतं तिथे दाबून बघायचं. "इथं दुखते का?" प्लास्टरवरूनसुद्धा दाबतात! कुणी म्हणे, हे प्लास्टर कापून टाका, सोनाळा गावाकडे एक जण हाड ओढून बसवतो. भाऊंनी दारातच खुर्ची टाकली. "पुडा इकडं द्या. लांबूनच पाहा. हात लावाचं काम नाही." एका बाईंनी 'पोरीची जात, पुढे लग्नाचं पाहा' असं म्हणताच त्यांना भाऊंनी दारातूनच परत पाठवलं. "आत जागा नाही, गाडी फुल हाय."

प्लास्टर निघालं. हाड सरळ जुळलं होतं, पण मनगट लाकडासारखं ताठ. मग कोमट पाण्यात हात बुडवणं, मऊ चेंडू दाबणं आणि कणीक मळणं सुरू झालं. आम्ही बरेच दिवस वातड पोळ्या खाल्ल्या. हळूहळू मूठ वळू लागली. डॉक्टर म्हणाले, आता मनगटाला संरक्षक पट्टे बांधून खेळू द्या.

तन्वी खेळेना. अभ्यास आहे, ऊन आहे, नंतर बघू. एकदा तिने बोर्डवर पाय ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. भाऊंनाही आनंद होईल म्हणून मी सांगायला गेले. "सुटलो बुवा भाऊ. आता नाही चढत ती त्याच्यावर."

"भेते काय?"

"हो."

भाऊंना आनंद झाला नाही. ते उठून आमच्याकडे आले आणि तन्वीजवळ पायरीवर बसले.

"तुले सांगतो, माय. एकडाव गाडीसमोर शेळी आली. म्या करकचून गाडी थांबवली. आतली एक बुढी पडली, हात मोडला तिचा. बरी झाली ते. मले कोनी बोललं बी नाही. पन दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो तं पाय हालेना. साहेब म्हने, आराम करा. घरी बायको म्हने, आराम करा. सारे मायेचेच होते. मंग हापिसातच बसलो, रिटायर होईपर्यंत. पुन्हा कंदी चालवली नाही."

"काऊन, काका?"

"एकानं बी म्हनलं नाही ना, चाल सुखदेव, गेटपर्यंत घेऊ गाडी, मी बसतो तुह्या बाजूले."

मला काय, गल्लीत कुणालाच हे माहीत नव्हतं.

भाऊंनी हात पुढे केला. "चाल. त्या लिंबाच्या झाडापर्यंत."

तन्वीने पट्टे बांधले, उजवा हात, तोच, त्यांच्या हातात दिला आणि बोर्डवर चढली. मला 'नको' म्हणायचं होतं. मी वाटेतला एक खडा पायाने बाजूला सारला. बोर्ड हलला. शेजारून भाऊ चालू लागले, चेहरा घामाने डबडबलेला.

"काका, तुमचा हात थरथरून राह्यला."

"थरथरू दे, माय," भाऊ म्हणाले. "पाय तं चालून राह्यले ना माह्ये."