सोळाचा वेग

चाळीस वर्षं बोटीची इंजिनं राखलेल्या माणसाला ही एवढीशी डीव्हीडी काय जड, असं तुर्लाइफने मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं. ती, उन्नी, सतरा मेच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीला आपल्या छोकरीला घेऊन येणार होती. छोकरीने आजीला कधी पाहिलं नव्हतं. तुर्लाइफच्या बायकोला, गुड्रुनला, जाऊन तीन वर्षं झाली होती. ती उरली होती ती कपाटातल्या अकरा व्हिडिओ कॅसेटींत, आणि त्या आता संगणकावरून डीव्हीडीवर उतरवायच्या होत्या.

पहिली डीव्हीडी तयार झाली. होडीत बसलेली गुड्रुन कॉफी ओतायला वाकली आणि तशीच थिजली. मग एकदम तीन झटके. तोंड मिटल्यावर शब्द आले, तेही तुकड्यातुकड्यांनी. रागावली की ती अशीच थांबून थांबून बोलायची, त्यामुळे तुर्लाइफला बराच वेळ शंकाच आली नाही. पण मागचा समुद्रही अडखळायला लागला, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे त्याने मान्य केलं.

त्याने वायर बदलली. प्लेअर उघडून पुसला आणि पुन्हा जोडला, तेव्हा एक स्क्रू उरला. दुकानातून महागाच्या कोऱ्या डीव्हीडी आणल्या. गुड्रुन काही सुरळीत बोलेना. वाया गेलेल्या बावीस डीव्हीडी त्याने वाटाण्याच्या वाफ्यावर दोरीने टांगल्या, निदान पाखरं तरी पळतील म्हणून.

पाखरांऐवजी शेजारची बोर्गहिल आली. दोघांचं कुंपणावरून वाजल्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"तुमच्या बागेतून माझ्या स्वयंपाकघरात विजा चमकतायत," ती म्हणाली. "बटाटे सोलताना डोळे मिटून घ्यावे लागतात."

तो दोऱ्या सोडायला लागला. हे आहे तरी काय, असं तिने विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं. बोर्गहिलने वाचनालयातले संगणक वीस वर्षं सांभाळले होते. ती सरळ आत येऊन खुर्चीत बसली. डीव्हीडी बनत असताना तुम्ही काय करता, असं तिने विचारलं. तुर्लाइफ म्हणाला, काही नाही, त्याच संगणकावर रेडिओ लावतो आणि पत्ते खेळतो.

"आणि डीव्हीडी लिहायचा वेग सोळावर. संगणकाच्या तोंडात घास कोंबून त्याला गायला लावताय तुम्ही."

तिने रेडिओ आणि पत्ते बंद केले, वेग चारावर आणला आणि त्याला हात मांडीवर ठेवायला सांगितलं. तासभर लागणार होता. मग कॉफी झाली. कुंपणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

डीव्हीडी लावली. गुड्रुनने न थांबता कॉफी ओतली, मान वर केली आणि म्हणाली, "तुर्लाइफ, तो कॅमेरा ठेव खाली आणि ये इकडे. गार होतेय."

तुर्लाइफ उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ वाटाण्यांकडे बघत राहिला. बोर्गहिलने आवाज न करता कप विसळले आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुढची कॅसेट घेतली. दुपारी बोर्गहिलच्या दाराची बेल वाजली. पुन्हा अडखळतंय, तुर्लाइफ म्हणाला. ती आली, तिने पडद्याकडे बघितलं.

"वेग सोळावर आहे."

"कोणीतरी हात लावलेला दिसतोय," तो म्हणाला.

त्या घरात दुसरं कोण होतं? बोर्गहिलने त्याच्याकडे एकदा बघितलं, कोट काढून खुंटीला लावला आणि अजून किती कॅसेटी आहेत ते विचारलं.

"नऊ," तो म्हणाला, आणि कॉफीचं पाणी ठेवायला गेला.