हवालदारांनी हात वर केला नाही

"समुद्र म्हणजे तरी काय, एक मोठा चौकच," हवालदार म्हणाले. "फरक इतकाच, की तो ओला आहे. मी हात केला की भरलेला ट्रक जागच्या जागी थांबतो. तिथे लाट कोण लागून गेली?"

हवालदार म्हणजे वाहतुकीचे. शहरातल्या सगळ्यात गर्दीच्या चौकात बावीस वर्षं उभे होते. एक शिट्टी आणि दोन हात, एवढ्यावर त्यांनी आख्खं शहर वळवलं. आता बावीस वर्षं जो माणूस हातांनी बोलतो, त्याला घरी येऊन तोंडाने बोलायचं कसं सुचणार? जेवताना भाजी पुरे झाली की उजवा हात ताठ समोर. बायको आणि लेक एकदम बोलायला लागल्या की एकीला तळवा दाखवून थांबवायचं आणि दुसरीला चार बोटं हलवून सोडायचं. झोपेतसुद्धा त्यांचा हात उठायचा. एकदा पहाटे दूधवाल्याची सायकल वाजली आणि बायकोच्या नाकावर 'थांबा' बसला. तेव्हापासून दोघांच्या मधे एक उशी असते.

त्या रविवारी समुद्रावर जायचं कारण होती लेक, चिऊ. वय वर्षं सतरा. तलावात माशासारखी पोहायची आणि आता तिला किनाऱ्यावर जीवरक्षक व्हायचं होतं. प्रशिक्षणाचा फॉर्म तिने महिनाभरापूर्वीच भरला होता. फक्त वडिलांची सही राहिली होती, आणि ती महिनाभर राहिलीच होती. फॉर्म द्यायची शेवटची वेळ होती त्याच दिवशी संध्याकाळी पाच.

"तलावाला चार भिंती असतात," हवालदार म्हणायचे. "समुद्राला एक तरी भिंत दाखव. मी जागेची पाहणी करणार, मग सहीचं बघणार."

"पाहणी म्हणजे पाण्यात उतरणार?" बायकोने विचारलं. "अहो, तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"मला गाडी तरी कुठे चालवता येते? बावीस वर्षं ट्रॅफिक चालवतोच आहे ना?"

बायको उठली, माळ्यावर चढली आणि चिऊच्या लहानपणीची हवेची ट्यूब घेऊन आली. ट्यूब पिवळी होती आणि पुढे बदकाचं डोकं होतं. "ही कमरेला असेल तरच पाण्यात पाय टाकायचा," ती म्हणाली. हवालदारांनी तळवा दाखवला. पण घरातल्या एका माणसाला तो सिग्नल कधीच लागू झालेला नव्हता.

तीनच्या सुमारास मंडळी किनाऱ्यावर पोचली. वाळूत एकमेकांपासून लांब दोन झेंडे रोवलेले, दोन्ही अर्धे लाल आणि अर्धे पिवळे. त्यांच्या मधल्या पाण्यात शंभरेक माणसं डुंबत होती. मागे उंच खुर्चीवर मुख्य जीवरक्षक बसले होते. शिकाऊ पोरं त्यांना मास्तर म्हणायची.

"बाबा, या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं असतं," चिऊ म्हणाली. "तिथे मास्तरांची नजर असते."

हवालदारांनी झेंड्यांकडे बराच वेळ रोखून पाहिलं. "लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे सावधान. हिरवा दिसतोय कुठे?"

"नाही, पण बाबा, हे झेंडे वेगळे—"

"हिरवा नाही. म्हणजे ही शंभर माणसं सिग्नल तोडून आत गेलेली आहेत."

आणि कमरेला बदक लावून हवालदार ड्यूटीवर रुजू झाले.

ते गुडघाभर पाण्यात पोचले, तेवढ्यात मागून बायको येताना दिसली. हवालदारांनी वळून उजवा हात सरळ आभाळात नेला. म्हणायचं इतकंच होतं, की तू तिथेच थांब. पुढच्या क्षणी कोणीतरी मागून त्यांना दोन्ही काखांत धरलं आणि उलटं ओढत कोरड्या वाळूवर आणून ठेवलं.

"घाबरू नका काका, श्वास घ्या," मास्तर म्हणाले.

"श्वास घेतोच आहे मी! बायकोला थांबवत होतो."

"पाण्यात हात वर केला की त्याचा अर्थ 'मला वाचवा' असा होतो, काका."

"कोणी ठरवलं? आमच्याकडे असा नियम नाही."

दहा मिनिटंही गेली नसतील. दोन पोरांच्या ट्यूब आमनेसामने आल्या. अपघात डोळ्यांसमोर घडत असताना गप्प बसणं हवालदारांच्या रक्तातच नव्हतं. दोन्ही हात वर गेले, एक डावीकडून येणाऱ्याला आणि एक उजवीकडून. या खेपेला दोन जीवरक्षक आले. एकाने खांदे धरले, दुसऱ्याने पाय. बदक मधेच हेलकावे खात होतं. किनाऱ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एका आजोबांनी तर जवळ येऊन विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

मास्तरांनी हात जोडले. "काका, एक विनंती आहे. खरोखर बुडत असाल तरच हात वर करा."

हे मात्र हवालदारांना झोंबलं. ज्या हाताला आख्खं शहर मानतं, तो हात खाली ठेवायला सांगणारा हा कोण? "नाही करत," ते म्हणाले. "आता काही झालं तरी नाही करत." चिऊकडे वळून त्यांनी निकालही देऊन टाकला. "पाहिलंस? इथे शिस्त म्हणून नाही. अशा ठिकाणी मी तुला पाठवणार नाही."

चिऊने प्लॅस्टिकच्या पिशवीतला फॉर्म काढून पाहिला, परत ठेवला आणि आईशेजारी वाळूत बसली. तिचे डोळे भरून आले होते. हवालदारांना ते दिसलं. पण दिलेला सिग्नल मागे कसा घ्यायचा, हे त्यांना बावीस वर्षांत कोणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून ते उठले आणि झेंड्यांपासून दूर चालू लागले.

दोनतीनशे पावलांवर त्यांना हवी तशी जागा सापडली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, फेस उसळत होता, आणि मधे एक रुंद पट्टा अगदी गुळगुळीत होता. त्यात एकही लाट नव्हती.

"याला म्हणतात मोकळी लेन," हवालदार स्वतःशीच म्हणाले आणि आत शिरले.

मंडळी, ज्यांचं समुद्रावर जाणं-येणं आहे, त्यांच्या अंगावर आत्ताच काटा आला असेल. किनाऱ्यावर चढलेलं पाणी जिथून परत बाहेर पळतं, तिथे लाटा फुटत नाहीत. म्हणून ती जागा सगळ्यात शहाणी दिसते आणि तीच माणसाला आत ओढून नेते. हवालदार कमरेभर पाण्यात गेले, छातीभर गेले, आणि मग पायाखालची वाळूच सरकली. ते बदकावर तरंगायला लागले. मागे वळून पाहिलं तर किनाऱ्यावरच्या छत्र्या काडेपेट्यांएवढ्या झालेल्या. किनारा समोर दिसत होता, म्हणून त्यांनी सरळ किनाऱ्याकडे पाय मारले. जितके मारले तितके ते मागे गेले. त्यात बदकाच्या मानेपाशी बारीक फुस्स असा आवाज सुरू झाला.

हात वर करावा असं त्यांना एकदा वाटलं. दुसऱ्यांदा जास्त वाटलं. पण 'नाही करत' म्हणून बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी बदकाची मान घट्ट धरली.

इकडे बायको म्हणाली, "बघ, रुसून किती लांब गेलेत. पण शांत झाले हो. मघापासून हातसुद्धा हलवला नाही."

चिऊने एकदम मान वर केली. "बाबांचे हात खाली आहेत?"

"हो की."

"आई, झोपेतसुद्धा खाली नसतात!"

ती उठली ती धावतच सुटली. धावता धावता तिने मास्तरांच्या खुर्चीकडे हात उंच करून हलवला, बोटाने समुद्र दाखवला, झेंड्याच्या खांबाला टेकवलेला जीवरक्षकांचा नारिंगी तरंगता ठोकळा उचलला आणि मास्तर खाली उतरेपर्यंत ती पाण्यात होती.

ती वडिलांपर्यंत पोचली, पण जवळ गेली नाही. घाबरलेला माणूस गळ्यात पडला तर दोघं जातात, हे ती तलावावरच शिकली होती. हातभर अंतरावरून तिने ठोकळा पुढे ढकलला.

"हे धरा."

"मी बुडत नाहीये," हवालदार म्हणाले. त्यांचा आवाज मात्र बुडाला होता.

"माहितीये मला. धरा."

बदकाने मान टाकली. हवालदारांनी ठोकळा धरला आणि लगेच परत किनाऱ्याकडे पाय मारायला लागले.

"बाबा, तसं नाही. सरळ जाऊ नका."

"किनारा सरळ आहे, मग सरळच जाणार ना!"

चिऊने एक मोठा श्वास घेतला. "बाबा, हा वन-वे आहे. तुम्ही उलट्या दिशेने घुसताय."

हवालदारांचे पाय थांबले. त्या सगळ्या धडपडीत हा एकच शब्द त्यांच्यापर्यंत पोचला. "वन-वे?"

"इथून पाणी फक्त बाहेर जातं. समोरून यायला मनाई आहे."

"मग बाहेरच्यांनी परत यायचं कुठून?"

"डावीकडून. आधी बाजूला व्हायचं, किनाऱ्याच्या समांतर. तिकडे लाटा फुटताहेत ना, त्या आपल्याला किनाऱ्याला आणून सोडतील."

"मग हे आधी सांगायचं होतंस," हवालदार म्हणाले. आणि वळण्यापूर्वी त्यांनी डावा हात बाहेर काढून रीतसर इशारा दिला. तोवर मास्तर मागून पोचले होते. त्यांनी तो हात पाहिला आणि या वेळी ते मुकाट त्याच दिशेला वळले. चिऊ पुढे, हवालदार मधे, मास्तर मागे, अशी वरात कडेकडेने गेली आणि पहिल्याच फुटणाऱ्या लाटेने तिघांना किनाऱ्याकडे लोटलं.

वाळूवर बायको आधी रडली, मग भांडली, मग तिने थर्मासमधला चहा दिला. हवालदारांनी कप दोन्ही हातांत धरला.

"भीती वाटली मला," ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. "तुला नाही वाटली?"

"वाटली की," चिऊ म्हणाली. "पण आधी तुम्हाला आणायचं होतं."

पाचला दहा मिनिटं होती. "फॉर्म आण," हवालदार म्हणाले.

लायसन्स वाचावं तसा त्यांनी तो पुढून-मागून वाचला. 'पूर्वानुभव, असल्यास' या रकान्यात चिऊने रेघ मारली होती. हवालदारांनी ती रेघ खोडली आणि ओल्या हाताने लिहिलं: "आज रोजी दुपारी चारच्या सुमारास एक इसम, वय एकोणपन्नास, पोहणे न येणारा, मनाई असलेल्या दिशेने समुद्रात घुसला असता अर्जदाराने त्यास योग्य रीतीने वळवून सुखरूप बाहेर आणले. चूक सर्वस्वी सदर इसमाची होती." त्याखाली सदर इसमाची सही केली. मग खालच्या ओळीत पालकाची.

चिऊने तो मजकूर वाचला. मग पुन्हा वाचला, आणि ती वडिलांच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून हसली आणि थोडी रडलीही.

जीवरक्षकांच्या खोलीत मास्तरांनी फॉर्म घेतला आणि दोन्ही सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. "सारख्या दिसतात."

"लांबचा नातेवाईक आहे," हवालदार म्हणाले.

"बरं. मुलीला उद्या सकाळी सहाला पाठवा. आणखी काही शंका?"

हवालदारांना होती. त्यांनी सवयीने हात वर केला, आणि कोपऱ्यात बसलेले दोन जीवरक्षक ठोकळा घेऊन ताडकन उभे राहिले.

"बसा, बसा," हवालदार ओशाळून म्हणाले. "एवढंच विचारायचं होतं... मोठ्या माणसांना पोहायला शिकवता का?"

"शिकवतो की," मास्तर म्हणाले. "लेकीबरोबरच या. फक्त बदक आणू नका."