शेंदूर लावलेलं विमान

आमच्या घरी एक माणूस तीन हंगाम राहिला. तो रोज बाजेला प्रदक्षिणा घालून मगच झोपायचा.

पहिल्या दिवशी त्यानं बाजेचे चारही पाय हलवून पाहिले, खाली वाकून सुंभ ओढून पाहिलं, उशी उलटी करून झटकली, आणि मग देवळाच्या पायरीवर टेकावं तसा हळूच टेकला. माझी बायको जमना दारातून बघत होती. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "हाऊ माणूस देवभक्त शे का येडा शे?"

मी म्हटलं, "आधी त्याला चहा दे, मग ठरवू."

तिनं चहा दिला. त्यानं पहिला घोट बशीत ओतला, बशी उजेडाकडे तिरपी करून तळ पाहिला आणि मग प्यायला. जमनाचा चेहराच उतरला. "मन्हा चहामा काय पडेल शे?" म्हणून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

तर हा आमचा कप्तान. आडनाव होतं राजाध्यक्ष, पण ते आमच्या गावाला पेललं नाही. तो एका इंजिनाचं छोटं विमान उडवायचा आणि कपाशीवर औषध फवारायचा. ही साठ सालानंतरची गोष्ट. तापीकाठच्या आमच्या गावात तोवर विमान म्हणजे आभाळातली रेघ. कंपनीचा साहेब जीप घेऊन आला, म्हणाला, उतरायला सपाट जागा पाहिजे. माझा नदीकडचा पट्टा पडून होता, मी दिला. भाडं घेतलं नाही. मगन पाटलाच्या घराण्यात पाहुण्याकडून भाडं घेत नाहीत. एकच अट घातली, मला एकदा वर न्यायचं. साहेब म्हणाला, जरूर, जरूर. साहेबाचं काय जातं? तो मुंबईला राहणार. न्यायचं कप्तानाला होतं, आणि कप्तानाला विचारलं की तो म्हणायचा, "आज नाही, मगनभाई."

आज नाही, हे त्याचं पेटंट वाक्य. वारा आडवा आहे, आज नाही. ढग खाली आहेत, आज नाही. ढग वर आहेत, वारा पडलाय, ऊन छान आहे, तरी आज नाही. "का?" "मनाला बरं वाटत नाही."

माणूस आभाळात उडायचा, पण जमिनीवर एवढा भित्रा दुसरा मी पाहिला नाही. एकदा धानोऱ्याच्या बाजाराला निघालो, म्हटलं बसा गाडीत. तो बसला नाही. गाडीभोवती फिरला. चाकाला लाथ मारून पाहिली, आसाची खीळ हातानं हलवली, जू पाहिलं, शेवटी बैलाचा कान उचलून आत डोकावला. बैलानंसुद्धा माझ्याकडे पाहिलं.

"कप्तान, वाजवून काय घेता, मडकं आहे का?"

"खीळ सैल आहे, मगनभाई."

"ती माझ्या बापाच्या वेळेपासून सैल आहे!"

"मग फार दिवस झाले," म्हणाला, आणि खीळ बदलेपर्यंत गाडीत पाय ठेवला नाही. बाजार अर्धा उठल्यावर आम्ही पोचलो.

विमानाचं तर विचारूच नका. सकाळी उठला की त्याच्याभोवती तीनदा फेरी. पंखाखाली हात फिरव, शेपटी हलव, चाक चाप. पोटातून पेट्रोल थोडं बाटलीत काढून उजेडाला धरायचा. तेव्हा जमनाला चहाचा उलगडा झाला आणि राग गेला. मीही बैल घेताना शेपटीपासून दातापर्यंत बघणारा माणूस, मला त्यात वेडेपणा वाटला नाही. पण बैल मी एकदा बघतो, घेताना. हा रोज विकत घ्यायचा.

संध्याकाळी ओट्यावर बसला की तो विमानाच्या बहिणींच्या गोष्टी सांगायचा. कंपनीनं एकदम सात विमानं आणली होती, सगळी एका जातीची. त्यांतली आता दोनच उडत होती. बायका माहेरच्या लेकीबाळींचं सांगतात, तसा तो एकेकीचं सांगायचा. थोरली गेली ती पेट्रोलात पाणी उतरलं म्हणून, इंजिन आभाळात खोकलं आणि गप्प झालं. एक तारेत अडकली, म्हणून हा फवारायच्या आदल्या दिवशी सगळं शेत बांधाबांधानं पायी फिरायचा, आणि माझ्या धाकट्या भावाला, छगनला, लाल झेंडा घेऊन तारेपाशी उभा करायचा. एकीच्या चालवणाऱ्यानं सासुरवाडीवरून खाली घिरट्या घातल्या. बायको अंगणात होती, तिला दाखवायचं होतं.

"मग?"

"तिनं पाहिलं," एवढंच म्हणाला.

गावातलं कुणी म्हणालं की विमानाची जातच खोटी, की कप्तान चिडायचा. "जात गरीब आहे हिची. पाच गेल्या, त्यांत हिचा दोष एकीतही नाही. हिला घाईत माणसं मारतात." मला ते पटलं. बैल उधळला तरी पहिली चूक कासरा धरणाऱ्याची, असं मी आयुष्यभर म्हणत आलो आहे.

पाचवीचं मात्र तो कधी सांगायचा नाही. "तिचं नंतर."

तिसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटलो. दोष माझा नाही. बाजारात लोक विचारायला लागले होते, "काय मगनभाऊ, कवय उडतस?" मी सांगून टाकलं, दसऱ्याला. साहेबालाही निरोप धाडला, दसऱ्याला वर नेलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पट्ट्यात नांगर घालीन. भर हंगाम होता. पट्टा गेला तर आसपासच्या गावांची फवारणी गेली आणि कप्तानाची नोकरीही गेली. साहेब जीप घेऊन हजर झाला. कप्तानाला बाजूला नेऊन काय बोलायचं ते बोलला. कप्तान माझ्याकडे आला, म्हणाला, "ठीक आहे, मगनभाई." त्या दिवशी तो जेवला नाही.

दसऱ्याला मी नवं धोतर नेसलो, फेटा बांधला. धानोऱ्याहूनसुद्धा माणसं आली होती. आता दसऱ्याला आम्ही नांगर पूजतो, तराजू पूजतो, शिलाईचं मशीन पूजतो. मग ज्याच्यात जीव टाकून बसायचं, ते कोरडं ठेवायचं? झेंडूची माळ घातली, आपट्याची पानं खोचली, नारळ फोडला. तिळाच्या तेलात शेंदूर कालवून आणला होता, तो पुढून लावला, पंखांना लावला. एका पंखाखाली बोटभर नळी पुढे आलेली होती. मला वाटलं, ही सोंड. सोंड दिसली की शेंदूर लावायचा, हे मला कुणी शिकवायला नको. चांगला भरपूर, तोंड भरेपर्यंत लावला.

कप्तान त्याच्या फेरीला निघाला. नळीपाशी आला आणि थांबला. वाकून पाहिलं. मग तीन वर्षांत एकदाही देवळात न शिरलेल्या त्या माणसानं, माझ्या डोळ्यांदेखत, विमानाला हात जोडले.

"मगनभाई, ही वाऱ्याची नळी आहे. हिच्यात वारा शिरतो, तेव्हा मला आपण किती वेगात आहोत ते कळतं. ही बुजली की काटा खोटं बोलतो. आज नाही."

साहेब म्हणाला, "अहो, पुसून टाका, निघा."

"तेल आत गेलंय. उघडून धुवावी लागेल. आज नाही."

"कप्तान, मी सांगतोय!"

"साहेब, तुम्ही बसता का मागे?"

साहेबाला जीपमध्ये काहीतरी विसरल्याचं आठवलं.

लोक हसले. कुणी ओरडलं, "मगनभाऊ, मन्ही गाडीमा बठ, पुरं धानोरं फिराई देसू!" दुसरा म्हणाला, "फेटा तरी उडाई दखाड!" नव्या धोतरात मी उभा. जन्मात कधी एवढा लहान झालो नव्हतो. मी फेटा काढला, काखेत मारला आणि घरी गेलो. कप्तान जेवायला आला, तेव्हा मी तोंड फिरवून बसलो.

सकाळी नांगर घेऊन पट्ट्यावर गेलो. बोललो ते बोललो. बैल जुंपले, तोच कप्तान समोर येऊन उभा राहिला. बैलांच्या पुढ्यात.

"बाजूला व्हा."

"पाचवीचं सांगतो. मग घाला नांगर."

तो सांगायला लागला. आवाज नेहमीचाच, खीळ सैल आहे म्हणताना असायचा तसा. "पाचवीत मी होतो. दुसऱ्या मुलखात अशाच एका घरी मी जेवायला होतो. घरधनी म्हणाला, एकदा वर ने. मला नाही म्हणता आलं नाही, त्यांचं मीठ खात होतो. वर गेल्यावर त्यांना आपलं घर दिसलं. आनंदानं पुढे वाकले, ते बघा, ते बघा माझं घर! मागच्या जागेपुढेही विमान वर-खाली करायचा एक दांडा असतो, मगनभाई. त्याला त्यांचा गुडघा लागला. आणि आम्ही फार खालून उडत होतो, त्यांना घर नीट दिसावं म्हणून."

बैलांनी शेपट्या हलवल्या.

"मी वाचलो. घरी दोघांची ताटं वाढलेली होती."

तो पुढे म्हणाला, "काल तुम्ही शेंदूर लावला नसता, तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. सापडलं नसतं, तर मोडलं असतं."

मी आजही म्हणतो, शेंदूर लावला ते बरोबर केलं. मी आज ऐंशी पार केलेला माणूस घरात बसून सगळ्यांवर ओरडतो आहे, ते त्या शेंदराच्या आणि त्या माणसाच्या पुण्याईनं.

मग तो म्हणाला, "चला, वरून काय दिसतं ते दाखवतो." आणि मला पायी घेऊन निघाला. बांधावरून चालता चालता सांगत होता. इथून तुमची कपाशी गोधडीच्या ठिगळासारखी दिसते. ही विहीर म्हणजे उघडा डोळा, दुपारी चमकतो. तापी तुम्ही समजता तशी सरळ नाही, गावापाशी येऊन ती अंग चोरते. तो बांध तुम्ही वाकडा घातलाय, छगनच्या बाजूला तुमचंच शेत गेलंय. मी म्हटलं, हे खोटं. तो म्हणाला, वरून खोटं दिसत नाही. मी सगळं पाहिलं, हो. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाहिलं.

"आणि घर?" मी विचारलं. "घर कसं दिसतं?"

तो थांबला. "वरून घरं सगळी सारखीच, मगनभाई. कौलं आणि कौलं. या मुलखात मी इतक्या गावांवरून जातो, कुणाचं घर कुठलं, मला काय ठाऊक? तुमचं एक ओळखतो. मी परत फिरलो की वहिनी आवाज ऐकून चूल पेटवतात. भलत्या वेळेला गावात एकच धूर निघतो." जरा खाकरला. "तो माझा, असं मी धरून चालतो."

मी बैलांकडे गेलो. नांगर सोडला, फळी जोडली आणि पट्टा आणखी सारखा केला. पुढे बांधापलीकडे माझी ज्वारी उभी होती, पोटऱ्यात आलेली, कणसं बाहेर पडायच्या बेतात. तीही कापली आणि पट्टा लांब केला. उतरताना जागा जास्त असलेली बरी.

जमना धावत आली. "येडा व्हयना का! उभं पीक कापस?" तिनं मला, माझ्या बापाला, कप्तानाला आणि त्या विमानाच्या साती बहिणींना एका दमात शिव्या घातल्या. दोन दिवस तेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी नळी धुऊन कप्तान वर गेला. ती ओट्यावर उभी राहून बोटं मोडत ज्वारीचा हिशोब मला ऐकवत होती, तेवढ्यात नदीकडून घरघर ऐकू आली. ती बोलता बोलता थांबली, कानावरचा पदर मागे सारला, आणि वाक्य अर्धं टाकून चुलीकडे गेली.