एका बाहीचा नालबंद

माझ्या घरातून टाचणीसुद्धा हरवत नाही, असं मी मुलीला ज्या सकाळी ठणकावून सांगितलं, त्याच सकाळी स्वेटर गेल्याचं उघड झालं.

"बाबा, आईने शेवटी शेवटी तुमच्यासाठी विणायला घेतलेला करडा स्वेटर कुठाय?"

"कपाटात असेल."

"छे! तो नालबंदाच्या पेटीत होता. खालच्या कप्प्यात!"

मला एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी अवजारपेट्या जमवायचा नाद आहे. पलटणीबरोबर हिंडणाऱ्या सुताराची पेटी, खोगीर शिवणाऱ्याची, घोड्यांना नाल ठोकणाऱ्याची. बिजागऱ्या झिजतात म्हणून खालचा कप्पा कुणी उघडायचा नाही, हा माझा कडक नियम. मीही उघडत नसे!

"आई म्हणायची, कापराचं लाकूड आहे, लोकरीला कसर लागायची नाही. आणि तुमच्या धाकाने कुणी हातही लावायचं नाही."

ती पेटी मी कालच कर्नलांना देऊन बदल्यात त्यांची सुताराची पेटी आणली होती. कर्नल हे नुसतं टोपणनाव. हा माणूस सैन्यात कधीच नव्हता, मिशा तेवढ्या होत्या.

चपला अडकवून धावलो. कर्नलांच्या दिवाणखान्यात तीन-चार पेटीवेडे टेबलाभोवती उभे होते. टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर माझा स्वेटर!

"या, या! तुमच्या पेटीत काय निघालं बघा! दीडशे वर्षांपूर्वीच्या नालबंदाचा लोकरी सदरा!"

"अहो, तो माझा..."

"होता! आता माझा. पेटी आतल्या ऐवजासकट, असं ठरलंय आपलं."

"पण याला बाही एकच कशी?" एका चष्मेवाल्याने विचारलं.

कर्नलांनी बाही नसलेल्या बाजूवर हळूच हात फिरवला. "लढाईत हात गेला असणार."

एकाने चक्क टोपी काढली!

"मग एका हाताने तो नाल कसा ठोकायचा?" मी विचारलं. बोलायला काय आलो होतो आणि बोललो काय!

"तोच तर पराक्रम!"

क्षणभर मलासुद्धा घोडा दिसायला लागला. मग भानावर आलो. "अहो, हा माझ्या बायकोने विणलाय!"

"वहिनींनी? वहिनी काय दीडशे वर्षांच्या होत्या?"

"एकसष्टाव्या वर्षी गेली!"

चष्मेवाला पार गोंधळला. "म्हणजे हात वहिनींचा गेला?"

"हात कुणाचाच गेला नाही हो! ती गेली. बाही राहिली."

कर्नलांनी स्वेटर उचलून माझ्या हातात दिला. म्हणाले, "घालून दाखवा."

घातला. दुकानातल्या कपड्यांच्या बाह्या माझ्या बोटांवर लोंबतात. ही नेमकी मनगटापाशी थांबली. कर्नलांनी मिशी कुरवाळली, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "काढू नका. असेच जा घरी."

दारात चष्मेवाल्याने मला कडक सलाम ठोकला. त्याला नक्की काय कळलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

भर उन्हात तसाच घरी आलो. मुलीला विणता येत नाही. मलाही येत नाही. उजवी बाही विणायची राहिली आहे.