तीन कुलपांचं कपाट

केंद्र सरकारकडून आलेलं कपाट शाळेच्या दारात उतरलं आणि त्यात काय ठेवायचं यावरून शिक्षकांच्या खोलीत लगेच जुंपली. चित्रकलेच्या सरांना त्यात रंग ठेवायचे होते, खेळाच्या सरांना जाळी, आणि मुख्याध्यापकांना दुसऱ्या कुणालाही काहीही ठेवू द्यायचं नव्हतं. नागरिकशास्त्राच्या बाई तेवढ्या कपाटासोबत आलेली माहितीपत्रिका वाचत दारातच उभ्या होत्या.

"यात काही ठेवायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "हे शिकवायचं कपाट आहे."

"कपाट काय शिकवणार?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "उघडतं आणि मिटतं. झालं."

"ते सहजासहजी उघडत नाही. तेच शिकवायचंय."

शाळांमधलं नागरिकशास्त्र बळकट करण्याची ती देशभराची योजना होती आणि तिच्यासाठी बाईंनी पाठपुरावा करून करून शाळेचं नाव लावून घेतलं होतं. एक मतपेटी, न्यायाधीशाची लाकडी हातोडी आणि हे कपाट, असा सगळा सरंजाम आला होता. कपाटाला तीन कुलपं होती. एक किल्ली मुलांच्या सभेकडे, दुसरी मुलांच्या मंत्रिमंडळाकडे, तिसरी मुलांच्या न्यायालयाकडे. तिघांचं एकमत झालं तरच दार उघडायचं. सत्ता एका हातात राहिली की काय होतं, हे मुलांना पाठ करायला न लावता समजावं, अशी कल्पना.

"आणि एखादा किल्ली घरी विसरला तर?"

"तर सरकार अडेल."

"म्हणजे खऱ्यासारखंच आहे," मुख्याध्यापक म्हणाले आणि कपाटावरून मायेने हात फिरवला. "पण बाई, एक ध्यानात ठेवा. पाहणीला वरून साहेब येणार आहेत. त्यांनी शेरा चांगला दिला तर तुमचा तास तुम्हाला लखलाभ. नाही दिला, तर तो मी गणिताला जोडणार. मुलांचं गणित फार कच्चं आहे."

मुख्याध्यापक स्वतः गणित शिकवत. नागरिकशास्त्राचा तास वेळापत्रकात होता, म्हणजे छापलेला होता. प्रत्यक्षात तो लागला की मुख्याध्यापक खडू घेऊन दारात उभे राहत आणि "बाई, फक्त एक उदाहरण राहिलंय" असं म्हणून आत शिरत. ते एक उदाहरण घंटेपर्यंत पुरे. मतदानावरच्या धड्याचा बळी नफातोट्याने घेतला होता, मूलभूत हक्कांचा चक्रवाढ व्याजाने. बाई शिक्षकांच्या खोलीत बसून पेपर वाचत आणि मनातल्या मनात धुमसत. आता पहिल्यांदाच लढायला काहीतरी हाताशी आलं होतं, ते त्यांना घालवायचं नव्हतं.

मग निवडणूक झाली, आणि चांगली चुरशीची झाली. सभापती म्हणून निवडून आला तो वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा. मुख्यमंत्रिपद गेलं एका गोलमटोल मुलीकडे. डब्यातल्या खाऊवर डोळा न ठेवण्याचं वचन दिलं, म्हणून तिला भरघोस मतं पडली होती. न्यायाधीश व्हायला मात्र कुणी तयार होईना, कारण न्यायाधीशाला मधल्या सुट्टीत कुणाचीच बाजू घेता येणार नव्हती. शेवटी दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी पुढे आली. ती आधीपासूनच कुणाची बाजू घेत नसे. हातोडी हातात आल्यापासून तिला सगळे 'न्यायमूर्ती' म्हणू लागले.

बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. किल्लीवाल्यांवर कुणी हुकूम सोडायचा नाही.

"तुम्हीपण नाही?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"मीपण नाही."

"आणि सर?"

"सरसुद्धा नाहीत. कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, हे कोणी ठरवलं?"

हा प्रश्न मुळात बाईंच्या वडिलांचा. पेपर मोठ्याने वाचता वाचता ते मध्येच थांबत आणि चष्म्यावरून बघत विचारत. यंदा ते गेल्यापासून घरात हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. वर्गात मात्र तो आता बेंचाबेंचावरून ऐकू यायला लागला. गृहपाठ कोणी ठरवला? घंटा कोणी ठरवली? गणिताला रोज तास, हे कोणी ठरवलं? मुख्याध्यापक चिडत, बाई खिडकीबाहेर बघत हसू दाबत.

पाहणीचा दिवस उजाडला. शाळा धुऊनपुसून लख्ख झाली होती. साहेबांसमोर कपाटाचं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं होतं. कपाट उघडं ठेवायचं, साहेब आले की मुलं तिन्ही कुलपं लावतील, मग रीतसर ठराव करून उघडतील. साधी गोष्ट होती आणि रंगीत तालीमही झाली होती.

साहेबांची जीप फाटकात वळली तसं शिपाईमामांनी ओरडून सांगितलं, "आले, आले!" मुलं नागरिकशास्त्राच्या खोलीत धावली, आणि उत्साहाच्या भरात साहेब पायऱ्या चढायच्या आतच तिन्ही कुलपं लावून मोकळी झाली. खट्, खट्, खट्. तेवढ्यात शेजारच्या मोरीतून तोंडावर पाणी मारून मुख्याध्यापक बाहेर आले. बंद कपाट बघितलं आणि त्यांच्या तोंडचं उरलंसुरलं पाणीही पळालं.

त्यांनी बाईंना हाताने कोपऱ्यात बोलावलं. तोंडावर रुमाल होता.

"काय झालं, सर?"

"कफात," मुख्याध्यापक रुमालाआडून म्हणाले. "कफात उगला. फगल्या किल्ल्या. आत्ताच्या आत्ता!"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाल आत गेले होते. हनुवटी नाकाच्या भेटीला निघाली होती. सरांना कवळी आहे, हे इतक्या वर्षांत शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. नवी कवळी सकाळपासून टोचत होती, म्हणून भाषणाआधी घटकाभर हिरड्यांना आराम द्यावा असं त्यांनी ठरवलं होतं. खोलीत कुणी नाही, कपाट उघडं, वरचा कप्पा रिकामा. दुसऱ्या रुमालात गुंडाळून त्यांनी ती तिथे ठेवली होती.

"आईगं!" बाई पुटपुटल्या.

"कुनाला फांगाल तल..."

"नाही सांगत, सर. पण मी मुलांना हुकूम करू शकत नाही."

"का?"

"तो नियमच आहे. साहेबांसमोर मी मोडला तर मग राहिलं काय?"

मुख्याध्यापकांनी वर छताकडे पाहिलं. तिथे कुणी मदतीला नव्हतं. तोवर साहेब आत आले होते. उंच, हसतमुख, गळ्यात ओळखपत्र, आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची हौस चेहऱ्यावर लिहिलेली. मुलं उभी राहिली, बसली. आता स्वागताचं भाषण. सगळे मुख्याध्यापकांकडे बघू लागले. मुख्याध्यापकांनी रुमाल आणखी घट्ट धरला आणि बोटाने कपाट दाखवलं.

"सर बोलत का नाहीत?" साहेबांनी हळूच विचारलं.

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तोंडात आलं ते बाहेर पडलं. "ते आज सामान्य नागरिकाच्या भूमिकेत आहेत."

"म्हणून बोलत नाहीत!" साहेब थक्क झाले. "काय बारकावा आहे! चालू द्या, चालू द्या."

मुख्याध्यापकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : कपाट उघडा.

सभापती उठला. "हे कोणी ठरवलं?"

मुख्याध्यापकांनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं.

"एकट्यानेच?"

साहेब खुर्चीच्या काठावर सरकले.

"नागरिकाला मागणी करता येते," न्यायमूर्ती म्हणाल्या. "पण कारण द्यावं लागेल."

मुख्याध्यापकांनी लिहिलं : आत माझी वस्तू आहे.

वर्गात कुजबुज पसरली. मुख्यमंत्री तावातावाने उठल्या. "सरकारी कपाटात खासगी वस्तू? कसली वस्तू?"

मुख्याध्यापकांनी 'खासगी' एवढंच लिहिलं आणि शब्दाखाली रेघ ओढली, ती इतक्या जोरात की खडू मोडला.

"खाऊ असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"खाऊ असेल तर तो मंत्रिमंडळाच्या ताब्यात जायला हवा," मुख्यमंत्री म्हणाल्या.

"तू वचन दिलंयस ना!"

"मी डब्यातल्या खाऊचं दिलं होतं. कपाटातल्या नाही."

"ए, गणिताची प्रश्नपत्रिका असेल!" सभापती एकदम ओरडला. त्याबरोबर सगळा वर्ग उभा राहिला. चाचणी जवळ आली होती. जो तो माना उंचावून कपाटाकडे असा बघायला लागला, जसं काही पत्र्यातून आरपार दिसणार आहे. बाई दोन पावलं कपाटाकडे सरकल्या. आता एखाद्या पोराने कुलूप खेचलं तर सरांची अब्रू आणि आपला तास, दोन्ही एकाच वेळी जमिनीवर येणार होते.

हातोडी आपटली. "शांतता! सर, प्रश्नपत्रिका आहे का?"

मुख्याध्यापकांनी जोरजोरात मान हलवली. नाही.

"कुणाचं नुकसान होईल असं काही आहे का?"

पुन्हा मान. नाही.

"तुम्हाला आत्ता लागणारच आहे का?"

यावर मुख्याध्यापकांनी दोन्ही हात जोडले. त्यांना असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाईंच्याही मनात काहीतरी हललं. तास खाणारा हाच माणूस, पण न्यायमूर्तींपुढे हात जोडून उभा होता खरा.

न्यायमूर्तींनी वेणीचं टोक चावत विचार केला. मग निकाल दिला. कपाट शाळेचं आहे, म्हणून त्यात खासगी वस्तू ठेवणं चूक. पण वस्तू सरांची आहे आणि ती काय आहे हे विचारायचा हक्क कुणाला नाही. तिघांनी कुलपं काढावीत, दार लोटलेलंच ठेवावं आणि जागेवर जाऊन बसावं. सगळ्यांनी डोळे मिटावेत. सरांनी वस्तू घ्यावी.

"मी कपाटाकडे पाठ करून उभी राहीन," ती म्हणाली, "आणि तुमच्यावर लक्ष ठेवीन."

सभापतीने मान डोलावली. मुख्यमंत्री कुरकुरत का होईना, कबूल झाल्या. कुलपं निघाली. खोलीभर डोळे मिटले गेले. बाईंनीही मिटले. आत काय आहे हे माहीत असूनसुद्धा त्यांना डोळे उघडायचा मोह झाला, मग पोरांचं काय होत असेल! दाराची करकर ऐकू आली, रुमालाची सळसळ, आणि मग एक छोटासा 'टक्'.

"उघडा," न्यायमूर्ती म्हणाल्या.

"साहेब, आमच्या शाळेत आपलं सहर्ष स्वागत आहे!" मुख्याध्यापकांचा आवाज खणखणीत घुमला. एकेक अक्षर कोरल्यासारखं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत हातोडी आपटली.

"थांबा, सर. साहेबांनी डोळे उघडले होते."

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब कानापर्यंत लाल झाले.

"अगं बाळ, डोळ्यांत काहीतरी गेलं."

"दोन्ही डोळ्यांत?"

"हे बघ, मी पाहणी करायला आलोय."

"हुकूम सगळ्यांना होता. तुम्ही न्यायालयाचा अवमान केलाय."

"काय दिसलं, साहेब?" मुख्यमंत्री न राहवून म्हणाल्या.

"ते विचारायचं नाही!" न्यायमूर्ती कडाडल्या. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांकडेही त्यांनी कधी टाकली नव्हती. मात्र पुढच्याच वाक्याला ती नजर विझली.

"शिक्षा," न्यायमूर्ती म्हणाल्या. "साहेबांनी आजचा गणिताचा पुढचा तास शेवटच्या बाकावर बसून पूर्ण ऐकायचा."

"बापरे!" वर्गातून उद्गार निघाला. सभापतीने विनवलं, "अगं, फार कडक होतंय. पाहुणे आहेत ते."

"गणिताचा तास ही शिक्षा?" मुख्याध्यापकांचा आवाज चढला.

"सर, आमच्याकडे याच्याहून मोठी शिक्षा नाहीये," न्यायमूर्ती प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"हा निकाल साफ चुकीचा आहे! हा माझ्या विषयाचा अपमान आहे! याच्यावर दाद मागायची सोय आहे की नाही?"

"अपील म्हणतात त्याला," साहेब आशेने म्हणाले. "मलाही करायचंय."

"करा. कुठे करायचं ते बाईंना विचारा."

बाईंनी घसा साफ केला. "अपिलाचा धडा राहिलाय, सर. त्या तासाला तुम्ही त्रैराशिक घेतलं होतं."

"मग आत्ता घ्या ना!"

"आत्ता गणिताचा तास लागेल."

"गणिताचा तास कुणाचा आहे? माझा! दिला तुम्हाला. चला, लिहा फळ्यावर."

बाईंनी खडू उचलला. तो मघाशी मोडलेला होता, पण चालण्यासारखा होता. साहेब आणि मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून शेजारी शेजारी बसले. बाईंनी खालचं न्यायालय काढलं, त्याच्या वरचं काढलं, बाण दाखवले. निकाल देणाराही माणूसच असतो, म्हणून त्याची चूक दाखवायला जागा ठेवलेली असते, असं सांगितलं. मुलं ऐकत होती. शेवटचा बाक तर कानात प्राण आणून ऐकत होता. साहेबांनी पाहणीचा कागद उलटा करून त्याच्या पाठीवर टिपणं काढायला घेतली होती.

"म्हणजे तुमचा शेरा?" मुख्याध्यापकांनी कुजबुजत विचारलं.

"अपील लागेपर्यंत कसा देऊ?" साहेब कुजबुजले. "मी पक्षकार आहे. परत यावं लागणार मला."

घंटा झाली. कुणी उठलं नाही. मुख्याध्यापकांनी हात वर केला.

"बाई, एक शंका. वरचं न्यायालयही चुकलं तर?"

"तर कायदाच बदलावा लागतो. तो पुढचा धडा. पुढच्या तासाला."

"पुढचा तास कधी आहे?"

"वेळापत्रकात उद्या आहे."

"वेळापत्रकाचं सोडा हो. खराखुरा कधी?"

"ते तुम्ही ठरवायचं, सर."

मुख्याध्यापकांनी सभापतीकडे पाहिलं, मग मुख्यमंत्र्यांकडे, मग हातोडी धरून बसलेल्या न्यायमूर्तींकडे.

"मी एकट्यानेच?" त्यांनी विचारलं.