दोन्ही फौजा हरावयास निघाल्या त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास नमन, वाग्देवतेस नमन, आणि जे हरले त्यांच्या कुलदेवतांसही नमन. जिंकणाऱ्यांच्या कुलदेवतांस नमन करणारे बहुत आहेत, म्हणोन हे तिसरे नमन आम्हांकडे राहिले. शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सर, ह्या साली चेंडूफळीच्या राज्यात जे वर्तले ते लिहावे ऐसी आज्ञा कोणाची नाही, आणि लिहिणाराची योग्यता तर त्याहून नाही. तथापि लिहिलेच नाही तर घडलेच नाही ऐसे होईल, म्हणोन धैर्य केले.

प्रथम त्या मुलुखीच्या युद्धाची रीत. एका फौजेत नऊ गडी. एक फौज मैदानात पसरावी, आणि दुसरीचा एक गडी लाकडी फळी घेऊन घरठाण्यावर उभा राहावा, आणि मैदानातील फेककऱ्याने त्याजकडे चेंडू टाकावा, आणि टोला बसला म्हणजे गड्याने पहिले ठाणे, मग दुसरे, मग तिसरे घेऊन फिरोन घरठाण्यास यावे, म्हणजे एक फेरी जाहली. तीन वेळा फळी हुकली तर गडी बाद, उंच चेंडू भुईस लागण्याआधी झेलला किंवा धावत्या गड्यास ठाण्याबाहेर चेंडू धरल्या हाताने शिवले तरी बाद, आणि तीन गडी बाद तर पाळी संपली. ऐसे नऊ डाव, आणि फेऱ्या ज्याच्या अधिक त्याचा जय. आणि टोलकऱ्याच्या पाठीशी एक गडी उकिडवा बसतो, येईल तो चेंडू झेलतो, आणि मांडीआड बोटांच्या खुणा करोन पुढील चेंडू कैसा टाकावा हे फेककऱ्यास सांगतो. त्यास झेलकरी म्हणतात. मैदानात सर्वांची तोंडे घराकडे, ह्या एकाचेच बाहेर. ह्या राज्याचे झेलकरी रत्नोजी गवसे. अठरा वर्षे उकिडवे बसोन त्यांची बोटे आल्याच्या कुड्यांसारखी वाकडी जाहली होती, आणि गुडघे ऐसे वाजत की गडी म्हणत, काका उठले, आता नौबतीची गरज नाही.

दसऱ्यास सीमोल्लंघन जाहले. राज्याचे धनी श्रीमंत तात्यासाहेब यांणी सरदारांस आपट्याचे सोने वाटले, आणि कारभारी विसाजीपंत यांणी यंदा निशाण आपलेच ऐसे भाषण केले, आणि सर्वांनी फळ्यांस हळदकुंकू वाहिले. मग पहिल्याच लढाईत शिकस्त खाल्ली. कारण काय, तर शत्रूने चेंडू उंच टोलविला, तो संभूराव दाभेकर आणि मानाजी कोकाटे या दोघा सरदारांच्या मधोमध आला, आणि दोघेही घराणेदार, म्हणोन संभूराव म्हणाले, आपण घ्यावा, आणि मानाजी म्हणाले, छे, मान आपला. ऐसा आदर चालला असता चेंडू दोघांच्या मध्ये भुईवर पडला आणि शत्रूचे तीन गडी फिरोन घरी गेले. रत्नोजी घरठाण्यावरून ओरडत होते, कोणीही घ्या. परंतु मोठ्या माणसांच्या बोलण्यात त्यांचा आवाज कोण ऐकतो.

मग दुसरी लढाई गेली, आणि तिसरी गेली, आणि मार्गशीर्षात परमुलुखी मुक्काम असता कधी एखादा जय चुकोन पदरी पडे, परंतु घरच्या मैदानी एकही नाही. लोक येईनासे जाहले. जेथे बसावयास जागा मिळत नसे तेथे पारवे बसों लागले. देवडीपाशी गजराबाई म्हणोन एक बाई उकडलेल्या शेंगा विकीत असे, ती काय ती न चुकता येई, आणि फौज आत जाऊ लागली म्हणजे म्हणे, "या सरदार, या. आज किती वेळ हरायचंय? उशीर असंल तर आणखी एक घमेलं उकडते." सरदार खाली मान घालोन जात. रत्नोजी मात्र थांबत, आणि चार शेंगा उचलीत. एके दिवशी तीच हळू बोलली की, "रत्नोजीराव, मी इथं बसले तेव्हापासनं असं रिकामं साल पाहिलं न्हाई. घरच्या मातीत एक तरी करा. एकच." हे बोलणे रत्नोजींच्या मनी बसले. साल सरता आपणांस निरोप मिळणार हे त्यांस गुडघ्यांनी आधीच सांगितले होते, आणि आता एवढीच वासना उरली की घरच्या मैदानी एक जय पाहोन मग उठावे.

पौषात श्रीमंतांनी धारराव जगदाळे, फौजेतील एकच खरा टोलकरी, शत्रूस देऊन टाकिला, आणि बदल्यात दोन कोवळे पोर आणि एक वचन घेतले. ही त्या मुलुखीची रीत आहे, आम्हांस समजत नाही. धारराव निरोप घेण्यास आले तेव्हा रत्नोजींच्या पाया पडले आणि म्हणाले, काका, मी गेलो नाही, मला दिला आहे. पुढच्या पंधरवड्यात तेच धारराव पलीकडल्या रंगाचा अंगरखा घालोन आले, आणि पहिलाच चेंडू ऐसा टोलविला की तो पारव्यांच्या पलीकडे गेला, आणि ते ठाण्यांवरून धावत असता त्यांणी मान वर केली नाही.

मग फाल्गुन लागला, होळी जळाली, आणि एकच लढाई राहिली, ती घरच्या मैदानी, आणि नदीपलीकडील राज्याशी. ते राज्य आपल्याइतकेच खाली गेले होते. जय मोजिले तर दोघांचे सारखे. ते समयी विसाजीपंतांनी रत्नोजींस वाड्यावर बोलाविले, पानसुपारी दिली, आणि समजाविले की सर्व राज्यांच्या सभेचा नियम ऐसा आहे, जो सालअखेर सर्वांत तळाशी त्यास पुढील सालच्या नव्या गड्यांतून प्रथम निवड. आणि यंदा अमृतराव शेळमकर म्हणोन एक पोरगा आहे, अठरा वर्षांचा, तैसा टोला कोणी पाहिला नाही. जो ही लढाई हरेल त्याचा अमृतराव. रत्नोजींनी पानाचा देठ मोडिला आणि म्हणाले, "म्हणजे हरावे, ऐसी आज्ञा?"

पंत म्हणाले, "छे छे. श्रीमंतांच्या तोंडी ऐसा शब्द कसा येईल. जिंकण्याची घाई नसावी, इतकेच." आणि मग म्हणाले की लढाई सरता तुम्हांस भरजरी शेला आहे, आता घरी बसोन आराम करावा.

घरी येऊन रत्नोजींनी ही गोष्ट पत्नी सगुणाबाई यांस सांगितली. त्या भाकरी थापीत होत्या. त्यांणी विचारिले, "मग आता पुढे काय करणार?" रत्नोजी म्हणाले, बसणार. त्या म्हणाल्या, "अठरा वर्षे बसलातच की. आता उठा म्हणते मी." आणि तव्यावरची भाकरी उलटविली.

मग लढाईचा दिवस उगवला. मैदानात पाचपन्नास लोक होते, आणि सज्जात श्रीमंत व पंत, आणि समोरच्या सज्जात नदीपलीकडील धनी. लढाई सुरू जाहली, आणि थोडक्याच वेळात रत्नोजींच्या ध्यानी आले की पंतांसारखे पंत नदीपलीकडेही आहेत. शत्रूचा टोलकरी येई, चेंडू कोठेही पडो, तीन वेळा वाऱ्यात फळी फिरवी आणि बाद होऊन समाधानाने परत जाई. मग आपली पाळी येई, आणि संभूराव व मानाजी त्याहून डौलाने वारा कापीत. ऐसे युद्ध पूर्वी जाहले नसेल. दोन्ही फौजा पराभवासाठी झुंजत होत्या आणि कोणी कोणास हार घेऊ देईना. लोक प्रथम हसले, मग हसणे सरले, मग उठोन जाऊ लागले. गजराबाईने आपले घमेले झाकले.

तिसऱ्या डावात आपला फेककरी जोत्याजी हुलवळे याने चेंडू टोलकऱ्याच्या बरगडीत मारिला. नियम ऐसा की चेंडू अंगावर लागल्यास टोलकऱ्यास पहिले ठाणे फुकट मिळते, आणि त्या ठाण्यावर कोणी असेल तर तो पुढे रेटला जातो. रत्नोजींस नेम कळला. ते उठले, गुडघे वाजले, आणि चालत जोत्याजीपाशी जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "तुला कोणी काय सांगितले ते विचारीत नाही. माझ्या पंजाकडे पाहा आणि सरळ टाक."

जोत्याजी सज्जाकडे पाहोन म्हणाला, "काका, मला पुढच्या साली इथेच राहायचे आहे. घरी म्हातारी आहे."

"ठाऊक आहे. मला राहायचे नाही, म्हणोन तुजपाशी मागतो. आजचा दिवस दे."

जोत्याजीने मान हलविली, आणि पुढे रत्नोजी समोर बसले असता त्यास दुसरे काही टाकण्याचे धैर्य जाहले नाही. सरळ चेंडू येत होते आणि शत्रू त्यांवरही हुकत होता. ऐसे आठ डाव गेले, आणि नवव्याची शेवटची पाळी आपली, आणि दोन गडी बाद, आणि फळी घेऊन रत्नोजी उभे राहिले. उभयपक्षी फेरी एकही नव्हती. एक फेरी म्हणजे जय.

चेंडू आला तो मऊ, भिक्षेसारखा. रत्नोजींनी वाकड्या बोटांनी फळी आवळिली आणि टोला दिला. चेंडू डावीकडे गेला, फार नाही. कोणीही चालत जाऊन उचलावा इतकाच. परंतु तेथील शत्रूचा गडी चेंडूवर पाय ठेवोन पागोटे सावरीत उभा राहिला. रत्नोजी पहिल्या ठाण्यास पोहोचले, कोणी अडविले नाही. दुसऱ्यास पोहोचले, तेथील राखणदाराने वाट करोन दिली. तिसऱ्यास पोहोचले तेव्हा दम लागला होता, आणि कानांवर काही आवाज येईना, म्हणोन पाहिले तो लोक उगेच बसले होते, जैसे परक्या घरचे भांडण पाहावे तैसे. घरठाणे मोकळे. तेथील झेलकरी भिमाजी घोरपडकर, रत्नोजींचाच समवयस्क, दोन पावले बाजूस सरोन उभा होता आणि म्हणाला, "या सरदार. घर आपलेच आहे."

रत्नोजी तिसरे ठाणे सोडोन अर्ध्या वाटेवर आले आणि थांबले. सालभर मनी धरिलेली गोष्ट दहा पावलांवर होती. श्रीमंत सज्जात उभे राहिले होते. रत्नोजी म्हणाले, "भिमाजी, जागेवर ये."

"चल रे, जा घरी. उन्हात काय उभा करतोस."

"किती वर्षे तुझ्या अंगावर धावून आलो, कधी वाट दिलीस का? आज काय भीक घालतोस? चेंडू मागव. मी येतो, तू राख."

भिमाजीने आपल्या धन्याच्या सज्जाकडे पाहिले, आणि म्हणाला, "तुला बाद केला तर माझे धनी मला उभा जाळतील."

"आणि झालो नाही तर माझे मला."

मग भिमाजी हसला, तोंडावरची जाळी खाली ओढिली, घरठाण्याच्या वाटेत गुडघा टेकोन बसला आणि मैदानाकडे ओरडला, "टाक रे चेंडू, पागोटे काय सांभाळतोस." तो गडी दचकला, आणि हुकूम ऐकण्याची सवय, म्हणोन त्याने विचार न करिता चेंडू फेकिला. रत्नोजी धावले. अठरा वर्षे उकिडवे बसलेले गुडघे आणि दहा पावले. दोघे एकमेकांवर आदळले, धुळीचा लोट उठला, काही दिसेनासे जाहले. धूळ बसली तेव्हा रत्नोजींची बोटे घरठाण्यापासोन वीतभर दूर होती, आणि भिमाजीचा चेंडू धरिलेला पंजा त्यांच्या खांद्यावर होता. पंचांनी वाकोन पाहिले आणि बाद म्हणाले. ते समयी राहिलेले लोक उभे राहिले आणि त्या दिवसात प्रथमच टाळ्या पडल्या, आणि कोणासाठी हे त्यांसही सांगता येईना.

रत्नोजींचा खांदा निखळला होता. भिमाजीने आणि जोत्याजीने त्यांस धरोन बाहेर नेले. मग बरोबरी म्हणोन दहावा डाव मांडिला, आणि झेलकऱ्याच्या जागी दुसराच गडी बसला, आणि आता समोर रत्नोजी नाहीत हे पाहोन जोत्याजीने डोळे मिटले आणि शत्रूच्या चार टोलकऱ्यांस ओळीने चेंडू मारिले. मांडीस, पाठीस, दंडास, पुन्हा मांडीस. ते एकामागे एक ठाण्यांवर रेटले गेले, आणि चौथा लागताच पहिल्यास घरठाण्यावर येणे भाग पडले. तो लंगडत, शिव्या देत आला. ऐसे शत्रूस मारोन मारोन विजयी केले. मग आपली पाळी आली, ती वारा कापण्यात सरली. श्रीमंतांनी पराभवाची साखर वाटली, आणि गावात शिंग फुंकिले, आणि शेला द्यावयाचे गडबडीत राहोन गेले.

रत्नोजी हात गळ्यात बांधोन देवडीतून निघाले. गजराबाई टरफले झाडीत होती. ते म्हणाले, बाई, साल रिकामेच राहिले. ती केरसुणी न थांबविता म्हणाली, "ते शिंगवाल्यांस सांगा. मी डोळं मिटून बसले नव्हते." आणि त्यांच्या चांगल्या हाताच्या ओंजळीत शेंगा ओतिल्या.

घरी पोहोचले तेव्हा सगुणाबाईंनी खांद्याकडे पाहिले आणि विचारिले, "हरलात?"

"हरलो. मी आधीच बाद झालो होतो."

"कोणी केले?"

"भिमाजीने."

"खरे केले?"

"खरे."

"मग पाय धुवा. वाढते," ऐसे म्हणोन त्या आत गेल्या.

येथवर त्या सालाची हकीकत. दसऱ्यास निघाले आणि शिमग्यास तळ गाठिला; सरदार एक दिला, गुडघे दोन गेले, घरचा जय नाही. भिमाजीस त्याच्या धन्याने त्याच संध्याकाळी चाकरीवरून घालविले. अमृतराव पुढील दसऱ्यास आले, गुण खरोखर थोर. परंतु पहिल्याच दिवशी उंच चेंडू त्यांच्या आणि संभूरावांच्या मध्ये आला, आणि संभूराव म्हणाले, आपण घ्यावा. ते समयी रत्नोजी गजराबाईच्या घमेल्याशेजारी, पारव्यांमध्ये, प्रथमच घरठाण्याकडे तोंड करोन बसले होते, आणि चेंडू पडेपर्यंत त्यांणी शेंग फोडिली नाही. जे ऐकिले ते लिहिले, जे समजले नाही तेही लिहिले. अधिकउणे वाचणाराने सावरोन घ्यावे.