समितीनं बघून आणलेलं मांजर

एका जंगलात एक कोठार होतं. कुठलं जंगल, असं विचारायचं नाही. आपल्या घरापासून फार लांब नाही, एवढंच सांगतो.

त्या कोठारात सगळ्या जंगलाचं पावसाळ्याचं धान्य असायचं. वरी, नाचणी, सुकवलेले कंद. त्याची राखण सगुणा साळू करायची. साळू म्हणजे अंगावर काटे असतात ते जनावर. तिचा नवरा वाघाच्या तोंडी गेला होता आणि पदरात दोन पिल्लं होती. पावसात त्यांचं पोट या कोठारावरच. त्यामुळे आत जरा खट्ट झालं तरी सगुणा धावत जाऊन बघायची.

त्या वर्षी नुसतं खट्ट नाही, चांगला धिंगाणा सुरू झाला. उंदीर शिरले होते.

सगुणा धावत कोठार समितीच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष होते मोर. मोरच का? दिसायला बरे म्हणून. तुमच्याकडे वेगळी पद्धत असेल तर आनंद आहे.

"साहेब, उंदीर झालेत. मांजर आणायला हवं," सगुणा म्हणाली.

"आणू की," मोर म्हणाले. "पण रीतसर. आधी बघण्याचा कार्यक्रम करू."

मुलांनो, त्या जंगलात कुणालाही कामावर घ्यायचं म्हटलं की एकच रीत ठाऊक होती. लग्नाची मुलगी बघतात तसं बघायचं. सतरंजी अंथरायची, पोहे करायचे आणि कुळ, आजोळ, मामाचं गाव विचारायचं. काम येतं का, हे विचारणं मात्र अगदी असभ्य मानत.

पहिली आली चिंधी. एक डोळा काळ्या ठिपक्यात, शेपूट पिवळी, पाठ करडी, पोट पांढरं. आईनं बघितलं आणि हेच नाव ठेवलं. येता येता तिनं दारातच दोन उंदीर धरले आणि सतरंजीवर आणून ठेवले. समितीनं नाकाला पिसं लावली.

"आई कुठली?" मोरांनी विचारलं.

"धनगरवाड्यावरची."

"आणि वडील?"

"माझे रंग बघा आणि तुम्हीच काय ते ओळखा," चिंधी म्हणाली.

मोरांनी पोह्यांची बशी हळूच मागे ओढली. "बरं. कळवतो," ते म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते तुमच्या आईबाबांना विचारा.

मग आली मखमलदेवी. तिच्याबरोबर कोल्हा होता. असली स्थळं जमवणं हाच त्याचा धंदा. मखमलदेवीचे केस इतके लांब होते की ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते समजेना. नाक इतकं चपटं की श्वास घेताना घुर्रघुर्र वाजायचं. कोल्हा म्हणाला, तो खानदानी सूर आहे. त्यानं कुळाचा कागद उलगडला. सात पिढ्या, सगळ्या एका रंगाच्या. खापरपणजी कुठल्या उशीवर वारली तेसुद्धा लिहिलेलं होतं. ऐकताना मोरांचे डोळे पाणावले.

सगुणानं भीत भीत विचारलं, "पण ही उंदीर धरते का?"

समितीनं कानांवर पिसं ठेवली. कोल्हा गोड हसला. "ताई, घरी लक्ष्मी आली तर तिला भांडी घासता येतात का, असं विचारता का?"

झालं. मखमलदेवीला मत द्यायला सगळ्यांचे पाय वर झाले. सगुणाला कळत नव्हतं का? पुरतं कळत होतं, मी कशाला खोटं सांगू? पण चारचौघांत वेगळं दिसायची तिला लाज वाटली. शिवाय त्या मऊ केसांवरून एकदा हात फिरवावा, असं तिलाही वाटलं होतंच. तिनंही पाय वर केला.

मखमलदेवी कोठारात राहायला आली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या केसांत गुंता झाला. कोल्हा म्हणाला, हिला साधी फणी चालत नाही, साळूचा काटाच लागतो. मग काय, सगुणा रोज आपले मूठभर काटे उपटायची आणि सकाळपासून दुपारपर्यंत मांजर विंचरत बसायची. कोठाराकडे बघायचं कोणी? एकदा एक उंदीर थेट मखमलदेवीच्या समोरून गेला. ती शिंकली आणि कूस बदलून झोपली. विंचरताना गळलेले केस उंदीर गोळा करून न्यायचे. त्यांच्या पोरांना इतकं मऊ अंथरूण जन्मात मिळालं नव्हतं.

निम्मं धान्य संपलं तेव्हा सगुणाचा धीर सुटला. ती नदीपलीकडच्या टेकडीवर गेली. तिथल्या कोठारावर आता चिंधी होती.

"चुकलं ग आमचं," सगुणा म्हणाली. "येतेस का?"

"येते की. कधी येऊ?" चिंधीनं विचारलं. 

सगुणा आनंदानं मोरांकडे आली. मोरांनी मान वाकडी करून विचार केला.

"येऊ दे," ते म्हणाले. "पण मागच्या दारानं, आणि पाहुणे नसताना. मखमलदेवीच्या मनाला लागायला नको."

सगुणानं निरोप नेला. चिंधीनं तो शांतपणे ऐकला.

"सगुणाबाई, मागच्या दारानं उंदीर येतात," ती म्हणाली. "मी पुढच्या दारानं येईन. ते जमत नसेल तर पिल्लं घेऊन तूच इकडे ये. दोन घास कमी पडणार नाहीत."

"कोठार सोडून कशी येऊ?" सगुणा म्हणाली आणि माघारी फिरली. राखणदारच ती. तिथंही चुकलीच.

पावसाला सुरुवात झाली. एका सकाळी कोठारात चिडीचूप होतं. सगुणानं दार उघडलं. आत एक दाणा नव्हता. उंदीरही नव्हते, ते बिऱ्हाड उचलून गेले होते. धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, भूक लागली." सगुणानं त्याला जवळ ओढलं.

तेवढ्यात समिती पाहणीला आली. मोरांनी आत डोकावलं, कोपरे तपासले.

"एकही उंदीर नाही," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, जरा वेळ द्या? आजच मखमलदेवीचा सत्कार करू. शाल आणा, नारळ आणा. सगुणाबाई, हिला तेवढं विंचरून घ्या."

"काटे संपले, साहेब," सगुणा म्हणाली.

खरंच संपले होते. तिची पाठ उघडी पडली होती. तिला मोराचा राग आला, कोल्ह्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. नदीला अजून उतार होता. दोन्ही पिल्लांना पुढे घालून ती भर पावसात चिंधीच्या टेकडीकडे निघाली. मागे टाळ्या वाजत होत्या. जंगलातली बाकीची पोरं रिकाम्या पोटीच टाळ्या वाजवत होती, कारण त्यांना तसं सांगितलं होतं.

तात्पर्य: उंदरांचा कायमचा बंदोबस्त करायचा असेल तर मांजर कुळवंतच आणावं. थोडा वेळ लागतो, पण धान्य संपलं की एकही उंदीर उरत नाही.